उजवी लेन सुरक्षित असते का?

चेंबूरहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं संक्षिप्त करून देते.

"माझं वय ४६. मुंबईत बरीच वर्षं गाडी चालवते. ऑफिस अंधेरीला, त्यामुळे लिंक रोड आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे रोजचाच. यंदा मुलाला पुण्याला ॲडमिशन मिळाली, म्हणून गेल्या महिन्यात पहिल्यांदा मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर स्टिअरिंग माझ्या हातात होतं. शेजारी धाकटे दीर बसले होते. ते म्हणाले, 'वहिनी, उजवी लेन धरा आणि सोडू नका, ट्रकची कटकट नाही, तीच सेफ.' मी तेच केलं. ७०-७५ ने चालले होते. मागून सारखे डिपर, हॉर्न, काही जण तर डावीकडून कट मारून पुढे. येताना घाट उतरताना भाऊजींनी न्यूट्रल टाकायला सांगितलं, पेट्रोल वाचतं म्हणून. खाली येईपर्यंत ब्रेकचा जळका वास यायला लागला. घरी आल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'वहिनींचा सिटीत हात चांगला आहे, पण एक्सप्रेसवे त्यांचं काम नाही.' मिस्टर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आता दिवाळीला सासूबाईंना घेऊन मुलाकडे जायचंय. उजवी लेन खरंच सुरक्षित असते का? वेग किती ठेवू? घाट कसा उतरू? सासूबाई मागे बेल्ट लावतच नाहीत, त्यांचं काय करू? आणि मुलगा पुण्याहून बाइकने यायचं म्हणतोय, त्याला काय सांगू? की मी हा नादच सोडू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

नाद सोडू नका. उजवी लेन मात्र सोडा. ती ओव्हरटेकची लेन आहे. पुढच्या गाडीला मागे टाकायचं आणि परत मधल्या लेनमध्ये यायचं, एवढंच तिचं काम. तिथे मुक्काम करायचा नाही, ७० ने नाही आणि १०० नेही नाही. तुम्ही ७० ने उजवी लेन धरून बसलात तेव्हा मागून १०० ने येणाऱ्याला दोनच गोष्टी करता येत होत्या, ब्रेक दाबणं किंवा डावीकडून घुसणं. डावीकडून ओव्हरटेक करणं नियमात बसत नाही, ती त्यांची चूकच. पण त्यांना त्या चुकीकडे ढकलणारी गाडी तुमची होती.

भाऊजींचा सल्ला आला कुठून, हे मला कळतं. मुंबईत उजवीकडे खरंच जरा शांतता असते. डावीकडे बस थांबते, रिक्षा अचानक वळते, कुणीतरी मोबाइल बघत फुटपाथवरून खाली उतरतं, डिलिव्हरीवाला उलट्या दिशेने येतो. शहाणा माणूस आपोआप डिव्हायडरजवळ सरकतो. कळंबोलीपासून पुढे किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटर डावीकडचा हा सगळा गोंधळ नसतो. तिथे डावी लेन ट्रक आणि इतर अवजड गाड्यांची, मधली आपल्यासारख्या कारची आणि उजवी फक्त पुढे जाण्यापुरती. तुमचं घर मधल्या लेनमध्ये. ८०-९० ने तिथे निवांत चाला, कुणी डिपर दिला तर तो उजवीकडून जाईल. त्याची सोय झालेली आहे.

आता जरा मुळाशी जाते, कारण तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की लेन हा प्रश्नाचा एक भाग आहे. मुंबईत आपला हात बसतो तो जागा भरण्यावर. पुढच्या गाडीपासून हातभर अंतर सोडलं की तिथे रिक्षा शिरते, म्हणून आपण अंतर सोडतच नाही. दादरला लोकलच्या दारात जसं आपण खांदा घालून उभे राहतो तसंच सायनच्या सिग्नलला. पंधरा-वीसच्या वेगाला हे चालतं, धडक बसली तर बंपर जातो. तुमचा 'सिटीत हात चांगला' आहे याचा अर्थ जागा बंद करण्यात तुम्ही पटाईत आहात. एक्सप्रेसवेवर नेमकं उलटं करायचं असतं. तिथे चांगला ड्रायव्हर तो, ज्याच्या पुढे कायम मोकळी जागा असते.

ही जागा किती हवी? १०० च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. पुढे काही घडलं हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४० मीटर संपले. नंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी थांबायला आणखी पन्नासेक मीटर लागतात. एकूण नव्वदच्या आसपास. ६० ला हाच हिशोब निम्म्यावर येतो. मीटर मोजत कुणी गाडी चालवत नाही, म्हणून सोपा उपाय: पुढची गाडी एखाद्या पाटीपाशी किंवा पुलाच्या सावलीपाशी पोचली की मनात म्हणा, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एका आकड्याला साधारण एक सेकंद. 'तीन' म्हणून होण्याआधी तुम्ही तिथे पोचलात तर फार जवळ आहात, ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. पाऊस असेल तर एकशे पाच-सहापर्यंत मोजा. आणि हो, तुम्ही अंतर सोडलंत की त्यात कुणीतरी शिरणारच. मुंबईकराला तिथे राग येतो. येऊ दे, पण पाय पुन्हा उचला आणि नवी जागा तयार करा. संपूर्ण प्रवासात वीस जण शिरले तरी तुमचा मिनिटभरच जाणार आहे.

नजर फक्त पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ठेवू नका. तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांचे ब्रेक लाइट बघत राहा. पुढची गाडी ब्रेक मारते तेव्हा तीही थोडं अंतर जाऊन थांबते, म्हणून तीन सेकंद पुरतात. बंद पडलेला ट्रक मात्र आधीच थांबलेला असतो, त्याच्यासाठी तीन सेकंद पुरत नाहीत. तो लांबूनच दिसायला हवा.

ओव्हरटेक असा करा. आधी आरसा: उजव्या लेनमध्ये मागून कोण येतंय आणि तो आरशात किती पटकन मोठा होतोय. मग इंडिकेटर, मग मान किंचित वळवून उजव्या खांद्याच्या मागे एक नजर, कारण तिथली गाडी आरशात येत नाही. मगच लेन बदला. इंडिकेटर देणं म्हणजे परवानगी मिळणं नव्हे. मुंबईत आपण इंडिकेटर आणि स्टिअरिंग एकदमच फिरवतो, मागचा थांबतो. इथे मागचा १०० ने येतोय, त्याला थांबायला काय लागतं ते वर लिहिलंच आहे. पुढे गेलात की आतल्या आरशात मागे टाकलेल्या गाडीचे दोन्ही हेडलाइट दिसेपर्यंत परत डावीकडे येऊ नका. ट्रकच्या शेजारी रेंगाळू नका. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही आहात असं धरून चला. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे ट्रकच्या डाव्या बाजूला त्याला फारच कमी दिसतं. डावीकडून ओव्हरटेक का करायचा नाही याचं हे खरं कारण, चलान नंतरचं.

आता तुम्ही म्हणाल, ट्रकच उजव्या लेनमधून चालले असतील तर? असतात. घाटात एक ट्रेलर दुसऱ्या ट्रेलरला ताशी दोन-चार किलोमीटरच्या फरकाने ओव्हरटेक करत असतो आणि मागे तीन लेनची रांग लागते. एकदा डिपर द्या आणि थांबा. दोन किलोमीटर ६० ने जावं लागलं तर १०० च्या मानाने तुमचे ४८ सेकंद जातात, अठ्ठेचाळीस. तेवढ्यासाठी डावीकडून जाऊ नका, कारण बंद पडलेली गाडी बहुतेक वेळा डाव्याच लेनमध्ये उभी असते, कधी मागे झाडाची फांदी ठेवून, रात्री कधी तेवढंही नाही.

वेगाबद्दल. कारला सपाट भागात १००, घाटात ६०. पाटीवर वेगळा आकडा दिसला, काम चालू आहे म्हणून किंवा वळण आहे म्हणून, तर तो पाळायचा. १०० ही मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे, पहिल्या खेपेला ८० ने गेलात तरी कुणाचं काही बिघडत नाही, फक्त मधल्या लेनमधून. १२० ची मर्यादा समृद्धी महामार्गावर आहे, तिकडे जाऊन आलेले लोक ती सवय इकडे आणतात. एक हिशोब भाऊजींना जरूर सांगा: ८० किलोमीटर सपाट रस्ता १०० ने कापायला ४८ मिनिटं लागतात, १२० ने ४०. आठ मिनिटं वाचतात. वाकडला सिग्नलला उभं राहून ती परत करायची असतात. २०२४ पासून या रस्त्यावर जागोजागी कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली आहे. ती त्या ठिकाणचाच नाही, दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही मोजते. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि गेला की पाय खाली, हा जुना खेळ आता चालत नाही. उलट कॅमेऱ्याखाली अचानक ब्रेक मारणारे लोकच मागच्याच्या जिवावर उठतात. लेन मोडणं, बेल्ट नसणं, हातात मोबाइल, सगळं टिपलं जातं आणि चलान घरी येतं.

रस्त्यावर चढतानाचा भाग लोक हलक्यात घेतात. फूड मॉलमधून बाहेर पडताना बघा, वडापाव खाऊन सुस्तावलेल्या गाड्या तिशीच्या वेगाने थेट मधल्या लेनमध्ये येतात. चढणीची जी पट्टी दिलेली असते ती वेग वाढवण्यासाठी असते. तिच्यावरच ७०-८० पर्यंत या, आरसा बघत, आणि मग मिळालेल्या जागेत सरका. नाक पुढे घालून 'तो थांबेल' यावर इथे विसंबायचं नाही. बाहेर पडतानाही तेच, आधीपासून डावीकडे या आणि वेग एक्झिटच्या पट्टीवर गेल्यावर कमी करा. एक्झिट चुकली तर चुकली. कुसगावऐवजी तळेगावला उतरा, वेळ जास्त जाईल, जाऊ दे. रिव्हर्स घ्यायचा नाही, कडेला थांबून विचारही करायचा नाही. मागच्या सीटवरून कितीही 'अगं, गेलं ना ते' आलं तरी.

आता घाट. न्यूट्रलचा सल्ला मनातून पुसून टाका. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रल टाकलंत की उतारावर गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून तापतात आणि तापले की धरेनासे होतात. तुम्हाला आलेला जळका वास त्याचीच सुरुवात होती. पेट्रोलही वाचत नाही. हल्लीच्या गाड्यांमध्ये गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं इंधन बहुतेक बंदच होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागत राहतं. या घाटात ट्रकचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांमागे डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली गाडी हे कारण कितीदा तरी निघालेलं आहे. आणि उतारावर इंजिनच बंद करणारे महाभाग असतील तर त्यांनी हे वाचावं: इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदतही दोन-चार दाबांत संपते.

मुंबईकडे येताना खंडाळा सोडलं की उतार सुरू होतो. तो सुरू व्हायच्या आधी, उतारात शिरल्यावर नव्हे, तिसरा गिअर घ्या. तरीही गाडी पळायला लागली तर दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल-एस असं जे काही लिवरवर असेल ते वापरा, गाडीचं पुस्तक एकदा उघडा, त्यासाठीच देतात ते. ब्रेक दाबून ठेवू नका. वेग साठच्या वर जायला लागला की ठाम दाबा, ५० पर्यंत आणा, सोडा. ब्रेकला मध्ये गार व्हायला वेळ मिळाला पाहिजे. आणि आरशात बघत राहा. उतारावर अवजड ट्रेलरच्या बरोब्बर पुढे चालणं टाळा, त्याचे ब्रेक कसे आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही. तो मागून वेगात, लाइट-हॉर्न देत येताना दिसला तर त्याच्या पुढून बाजूला व्हा, त्याला शिकवायला जाऊ नका.

याच घाटात काही अंतर जुना हायवे आणि एक्सप्रेसवे एकत्र येतात, त्यामुळे तेवढ्या पट्ट्यात दुचाकी दिसतील. दचकू नका, त्यांना तिथे परवानगी आहे. पुण्याकडे चढताना वेगळीच गंमत असते. सुट्टीच्या शनिवारी सकाळी घाटात गाड्या तासन् तास रखडतात, एसी फुल, क्लच अर्धा दाबलेला, आणि मग कडेला बॉनेट उघडून वाफा सोडणाऱ्या गाड्यांची रांग. तापमानाचा काटा वर सरकला तर एसी बंद करा. त्याहून बरं, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी निघूच नका. मधला वार बघा, सकाळी सहाला वाशीचा पूल ओलांडा.

कडेला थांबण्याबद्दल मी जरा कडक आहे. फोन आला, बाळाला उलटी होतेय असं वाटलं, धबधबा छान दिसतोय, कणीसवाला दिसला, यांपैकी कशासाठीही थांबायचं नाही. पुढचा टोलनाका किंवा फूड मॉल गाठायचा. गाडी खरोखरच बंद पडली तर चालत्या वेगातच जमेल तितकी डावीकडे, पांढऱ्या रेषेच्या पलीकडे न्या. पार्किंग लाइट, म्हणजे चारही इंडिकेटर, लावा. सगळ्यांनी डावीकडच्या दारांनी उतरायचं आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, सासूबाईंसकट. गाडीत बसून राहायचं नाही, गाडीच्या मागे उभं राहून हात हलवायचे नाहीत. त्रिकोण डिकीत असतोच. तो किमान ५० मीटर मागे ठेवायचा, पण कठड्याकडेने चालत जाऊन जमत असेल तरच, रात्री किंवा वळणावर नाही. उजवीकडचं चाक पंक्चर असेल तर स्वतः बदलायला बसू नका. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा बघा आणि पाटीवर लिहिलेल्या मदतीच्या नंबरला, नाहीतर ११२ ला तो आकडा सांगा. 'बोगद्याच्या थोडं पुढे' असं सांगितलं तर त्यांनी कुठला बोगदा समजायचा, भाताण, माडप की कामशेत?

बोगद्यावरून आठवलं. बोगद्यात आणि पावसात लोक चारही इंडिकेटर लावून चालतात. ते उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीत ते लावले की तुम्ही लेन बदलताय की सरळ जाताय हे मागच्याला कळतच नाही. लो बीम हेडलाइट लावा, गॉगल काढा, पुरे. पावसात स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतंय असं समजा. ब्रेक नको, फक्त ॲक्सिलरेटर सोडा आणि चाकं सरळ धरा.

निघायच्या आदल्या दिवशी टायर. तुमची गाडी रोज शहरात हळू चालते, त्यामुळे हवा कमी असली तरी जाणवत नाही. सिमेंटच्या रस्त्यावर तासभर १०० ने धावताना कमी हवेचं टायर दबून-फुगून तापतं आणि फुटतं. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, चार-पाच माणसं आणि सामान असेल तर त्याचा वेगळा रकाना असतो. टायर गार असताना हवा बघायची, स्टेपनीतही. टायरच्या बाजूवर चार आकडे शोधा: '२३१९' असेल तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालंय. नक्षी शाबूत दिसली तरी इतकं जुनं रबर मी घाटात नेणार नाही. धावताना टायर फुटलंच तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ब्रेकवर उभ्या राहू नका, गाडीला आपोआप मंदावू द्या.

सासूबाई. मागच्या सीटलाही बेल्ट बंधनकारक आहे, पण कायदा सांगून सासूबाई ऐकतील असं मला वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागच्या सीटवरचे दोघे गेले, दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे वाचले. हे सांगून बघा. त्याहून जास्त लागू पडतं ते असं: गाडी अचानक थांबली तर मागे बेल्ट न लावलेलं माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतं, आणि पुढे बसलेला जातो. त्यांचा बेल्ट हा त्यांच्या मुलाच्या पाठीसाठी आहे असं म्हणा. नाही म्हणण्यामागे बहुतेकदा अडचण साधी असते. गळ्याला काचतं, पदर चुरगळतो, पोटावर दाब येतो. पदर आधी खोचून घ्यायला सांगा, खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर, वरचा मानेवर नको, खांद्याच्या मध्यावर. मधल्या सीटवर बसवू नका, खिडकीशी बसवा. आणि बेल्टचा आवाज आल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. एकदा पाच मिनिटं सोसायटीच्या गेटवर थांबावं लागेल, नंतर नाही.

दिवाळीआधी सराव हवा असेल तर चेंबूरहून शिवडीला जा आणि अटल सेतू धरा. २१.८ किलोमीटर, कारला १००, चढ-उताराच्या रॅम्पवर ४०, रिक्षा-दुचाकी नाहीत. टोल जरा लागतो खरा, पण रविवारी सकाळी सातला मधल्या लेनमधून एकशे तीन मोजत तिकडे जाऊन या. आरसा, इंडिकेटर, खांदा, लेन, परत आरसा. घाट नाही, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट शिकता येते. फक्त समुद्र दिसला म्हणून थांबायचं नाही, तिथे थांबलेल्यांना दंड होतो. शेजारी मिस्टरांना बसवा. शेजारी बसणाऱ्याचं काम एवढंच: मॅप बघणं, फोन उचलणं, पाण्याची बाटली देणं. गप्प बसण्याची त्यांची सवय इथे उपयोगी पडेल. भाऊजींना यायचं असेल तर मागे, सासूबाईंच्या शेजारी, बेल्ट लावून.

मुलाचं. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. घाटातला तो एकत्र पट्टा सोडला तर त्याला जुन्याच हायवेने यावं लागेल, आणि त्या पट्ट्यात तो त्याच ब्रेक तापलेल्या ट्रेलरांच्या मध्ये असेल, तुमच्यासारखं पत्र्याचं कवच नसताना. त्याला दिवसाच्या उजेडात, कोरड्या दिवसांत, सोबत कुणी अनुभवी असताना यायचं असेल तर विचार करा. परीक्षा संपल्यावर रात्री बॅग पाठीला लावून निघणं, हे मात्र स्पष्ट नको म्हणून सांगा. पुण्याहून सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती पाठोपाठ सुटतात. तिकीट आत्ताच काढायला सांगा, दिवाळीच्या आठवड्यात मिळणार नाही.